कपाळावरची राख, जेवणाच्या टेबलावरचं हसू आणि श्रद्धा दिसू देण्याचा प्रश्न

प्रश्न विचारणारी बाई तिशीतली आहे. मधली बरीच वर्षं चर्चपासून लांब राहून ती पुन्हा श्रद्धेकडे वळली आहे. दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, जाते, पण ऑफिसात कोणालाच याचा पत्ता नाही. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये कपाळावर राख लावतात. मागच्या वेळी तिने ऑफिसच्या लिफ्टमध्येच कपाळ पुसून घेतलं. नंतर जेवताना कोणीतरी चर्चला जाणाऱ्यांवर विनोद केला आणि सगळ्यांबरोबर तीही हसली. धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब मानणाऱ्या समाजात कॅथलिक माणसाने श्रद्धा किती दिसू द्यावी, आणि मी भित्री आहे का, असं तिने विचारलं आहे.

मी धर्मगुरू नाही. आयुष्यभर अंतर्गत लेखापरीक्षणाची नोकरी केली, आणि त्याच्या बरोबरीने प्रौढांना धर्मशिक्षण देण्याचं काम करत आले. हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडांनी पुष्कळदा आला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रात दोन प्रसंग आहेत आणि तुम्ही दोन्ही एकाच पारड्यात टाकलेत. माझ्या मते राख पुसणं आणि त्या विनोदावर हसणं यांचं वजन सारखं नाही. राखेचा प्रश्न सोपा आहे. तुम्हाला आतून टोचतंय ते हसणं, आणि ते टोचतंय याचा मला आनंद आहे.

पण त्याआधी परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं ते सांगते, कारण दुसऱ्याच्या परिस्थितीतला सल्ला उचलून स्वतःला लावला की माणसं एक तर उगाच घाबरतात किंवा उगाच भांडतात. सेक्युलर म्हणवणाऱ्या सगळ्या समाजांचे नियम सारखे नसतात. फ्रान्समध्ये 2004च्या कायद्याने सरकारी शाळेतल्या विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हं वापरायला बंदी आहे, छोटा क्रूस मात्र चालतो. भारताच्या संविधानाचं कलम 25 धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. एकाच देशात, एकाच चिन्हाबद्दलसुद्धा उत्तर बदलू शकतं. ब्रिटनमधल्या दोन ख्रिस्ती महिलांच्या तक्रारींवर युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2013च्या जानेवारीत एकाच निकालपत्रात निर्णय दिला. एक विमान कंपनीत प्रवाशांच्या चेक-इनचं काम करायची, दुसरी नर्स होती. दोघींना गळ्यात क्रूस घालायचा होता. पहिलीच्या बाजूने निकाल लागला. दुसरीच्या विरुद्ध गेला, कारण वॉर्डात गळ्यातली साखळी रुग्णाला किंवा तिला स्वतःला इजा करू शकते हे रुग्णालयाचं म्हणणं न्यायालयाला पटलं. मला तो निकाल दोन्ही बाजूंनी योग्य वाटतो. श्रद्धा खरी असली म्हणून समोरच्या रुग्णाची काळजी दुय्यम होत नाही.

तुमचं पद काय आहे, यानेही फरक पडतो. शिक्षकासमोर विद्यार्थी असतो, डॉक्टरसमोर रुग्ण आणि साहेबासमोर हाताखालचा माणूस. त्यांना उठून जाता येत नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली धर्मस्वातंत्र्यावरच्या घोषणापत्रात हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे की श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्तीचा किंवा अप्रामाणिक मन वळवण्याचा वासही येता कामा नये, विशेषतः समोरचा माणूस गरीब किंवा अशिक्षित असेल तेव्हा. म्हणून ज्याचं वार्षिक मूल्यमापन माझ्या हातात होतं त्याच्याशी मी स्वतःहून कधीही धर्माबद्दल बोलले नाही. त्याने विचारलं तर उत्तर दिलं, आणि तेही एका वाक्यात.

आणि जिथे जिवाला किंवा पोटाला खरा धोका आहे, तिथे गप्प राहणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये. दुसऱ्या शतकात, रोमन राजवटीत, स्मुर्णा (आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर) इथे बिशप पॉलिकार्प यांना हौतात्म्य आलं. त्याची हकिकत तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी लिहून ठेवली आहे. तिच्यात क्विंतुस नावाच्या माणसाचा उल्लेख येतो. तो स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला, आणि रानटी जनावरं समोर दिसताच त्याने देवांना बळी वाहिला. लिहिणारे तिथेच सांगतात की स्वतःहून पुढे होणाऱ्यांची आम्ही वाहवा करत नाही, कारण शुभवर्तमान (बायबलमधली येशूची शिकवण) तसं शिकवत नाही. पॉलिकार्प मात्र आधी शहराबाहेरच्या मळ्यात जाऊन राहिले होते. पकडायला माणसं आली तेव्हा ते पळाले नाहीत आणि विचारल्यावर त्यांनी नाकारलंही नाही. वर्गात हा विषय निघाला की मी ही हकिकत आवर्जून सांगते.

तुमच्या पत्रावरून तुम्हाला असा धोका दिसत नाही. तुम्हाला भीती आहे ती लोकांच्या नजरेची, आणि ती भीती खोटी नाही. तिला धरूनच पुढचं लिहिते.

आधी राख. त्या दिवशी मिस्सेत कोणतं शुभवर्तमान वाचतात ते आठवा: मत्तयचा सहावा अध्याय. दानधर्म करताना कर्णा वाजवू नका, प्रार्थना दार लावून करा, उपवास करताना तोंड धुवा, म्हणजे लोकांना कळणार नाही. हे ऐकून झाल्यावर आपण कपाळावर राख लावून रस्त्यावर येतो! त्याच प्रवचनात थोडं आधी, पाचव्या अध्यायात, येशू म्हणतो की तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या, म्हणजे ते तुमची सत्कृत्यं पाहून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचा गौरव करतील. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचली की गुंता सुटतो. दोन्हीकडे कृती दिसतेच आहे. एका ठिकाणी तिचा मान देवाकडे जातो, दुसऱ्या ठिकाणी करणाऱ्याकडे.

म्हणून माझा सल्ला असा. राख कपाळावर टिकवणं हे बंधन नाही. राखेच्या बुधवारी मिस्सेला जाणंही सक्तीचं नाही. सक्ती आहे ती उपवासाची आणि मांस वर्ज्य करण्याची. युरोपात पुष्कळ ठिकाणी तर राख डोक्यावर भुरभुरतात, कपाळावर क्रूस काढतच नाहीत, त्यामुळे ऑफिसात पोहोचेपर्यंत कोणाला काही दिसतही नाही. तेव्हा खाज सुटली, घाम आला, ग्राहकाबरोबर महत्त्वाची बैठक आहे, तर खुशाल पुसा. पण एखाद्या ठरावीक माणसाच्या नजरेच्या धाकाने हात कपाळाकडे जात असेल, तर त्या दिवशी राहू द्या. आणि कोणी ‘अगं, कपाळाला काहीतरी लागलंय’ म्हणालं तर ‘हो, आज राखेचा बुधवार आहे, सकाळी चर्चला गेले होते’ एवढंच म्हणा आणि कामाला लागा. माझ्या अनुभवात पुढचा प्रश्न क्वचितच येतो. लोक आपल्या कपाळाचा इतका विचार करत नाहीत.

आता हसणं. गप्प राहणं केव्हा चालतं आणि केव्हा नाही, याचा सगळ्यात नेमका विचार मला धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांच्याकडे सापडला, आणि ते 13व्या शतकातले आहेत. श्रद्धा उघडपणे सांगण्याचं कर्तव्य प्रत्येक वेळी आणि प्रत्येक ठिकाणी लागू होत नाही, असं ते म्हणतात. न बोलल्याने देवाचा मान किंवा शेजाऱ्याचं हित बुडणार असेल तेव्हा ते लागू होतं. उदाहरणार्थ, कोणी श्रद्धेबद्दल विचारलं आणि आपण गप्प राहिलो, आणि त्यावरून लोकांचा समज झाला की हिला श्रद्धाच नाही, किंवा ती श्रद्धाच खोटी आहे. तसं नसेल, आणि बोलून कोणाचंही भलं न होता नुसती खळबळ माजणार असेल, तर बोलण्यात काही थोरवी नाही, असंही तेच सांगतात.

ही कसोटी तुमच्या जेवणाच्या टेबलाला लावून पाहा. विनोद झाला आणि तुम्ही शांतपणे डबा खात राहिलात, तर त्यात काहीच बिघडलं नव्हतं. प्रत्येक शेरा अडवायला कोणी तुम्हाला नेमलेलं नाही. पण तुम्ही हसलात, म्हणजे ‘मीही तुमच्यासारखीच, ती बावळट माणसं वेगळी’ असं सांगितलंत. ते खरं नव्हतं, म्हणून ते टोचलं. टेबलावरच्या दुसऱ्या कोणाच्या मनात श्रद्धा असेल तर तिनेही तुमचं हसू पाहिलं, हेही लक्षात घ्या.

पुढच्या वेळी काय करायचं? हसायचं नाही, एवढं पुरे. चेहरा पाडायचा नाही, उठून जायचं नाही, भाषण द्यायचं नाही. विषय दुसऱ्या दिवशीही चालू राहिला तर हलक्या आवाजात सांगा, ‘मीही दर रविवारी जाते.’ हे वाक्य दोष देत नाही आणि वादही सुरू करत नाही. ते ऐकल्यावर बहुतेक लोक ओशाळतात आणि एखादा कुतूहलाने काहीतरी विचारतो.

विनोद आणि टीका यांत मात्र गल्लत करू नका. कोणी धर्मगुरूंनी लहान मुलांवर केलेल्या अत्याचारांचा विषय काढला, 2002 साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये जे उघडकीला आलं आणि त्यानंतर देशोदेशी जे बाहेर आलं त्याबद्दल बोललं, तर ती श्रद्धेची टिंगल नव्हे. तिथे चर्चचा वकील होऊ नका. ‘इतर संस्थांतही असं घडतं’ हे वाक्य तर ओठावर येऊच देऊ नका. खरं आहे तेवढं मान्य करा: अत्याचार झाले, वरिष्ठांनी ते झाकले, आणि ज्यांनी सोसलं त्यांचं आधी ऐकायला हवं होतं. पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली अशा तक्रारी कळवणं धर्मगुरू आणि व्रतस्थांवर (नन, ब्रदर) बंधनकारक केलं आणि बिशपांनाही चौकशीच्या कक्षेत आणलं. ते माहीत असू द्या, पण विचारलं तरच सांगा. कोणाला राग असेल तर तो रागच ऐकून घ्यायचा. ‘मग तू अजून का जातेस?’ असं कोणी विचारलं, तर तो खरा प्रश्न आहे आणि त्याला तुमचं स्वतःचं उत्तर हवं. ते घरी शांतपणे बसून शोधा, तयार उत्तर पाठ करू नका.

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं एक वचन या संदर्भात नेहमी सांगितलं जातं: तुमच्या ठायी असलेल्या आशेचं कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला सदैव सिद्ध असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. यातला विचारणारा माणूस आपण विसरतो. कोणी विचारायला हवं असेल, तर त्याला आधी काहीतरी दिसलेलं असायला हवं. ते बहुतेक वेळा कामात दिसतं. श्रद्धा सार्वजनिक होते ती मुख्यतः कामातून, हे माझं ठाम मत आहे. क्रूस, राख, जेवणाआधीची प्रार्थना हे सगळं त्यानंतर. 1965च्या त्याच परिषदेने आधुनिक जगाबद्दलच्या दस्तऐवजात म्हटलं आहे की अनेकांच्या बाबतीत श्रद्धा आणि रोजचं जगणं यांची झालेली फारकत ही आपल्या काळातल्या गंभीर चुकांपैकी एक आहे.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगते. वर्षअखेर होती. एका मोठ्या खरेदीचा माल नव्या वर्षात आला होता, पण खर्च जुन्या वर्षात दाखवायचा होता. गोदामाच्या आवक पावतीवर तारखेची जागा कोरी ठेवलेली होती आणि खाली ‘तपासले’ या शिक्क्याशेजारी माझी सही हवी होती. गेटवरच्या नोंदवहीत ट्रक आल्याची खरी तारीख निळ्या शाईत लिहिलेली मी सकाळीच पाहिली होती. मी सांगितलं, ‘बाकी सगळ्या पावत्यांवर आत्ता सही करते. हीवरही करते, पण नोंदवहीतली तारीख घालून.’ ते नको होतं. पावती दुसऱ्याकडे गेली आणि तिथे सही झाली. त्यानंतर त्या विभागाच्या फायली माझ्याकडे यायच्या थांबल्या आणि वरच्या जागेसाठी माझं नाव मागे पडलं. मी देवाचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, ‘तुम्ही एवढं का ताणलंत?’ तेव्हा मी सांगितलं की मी कॅथलिक आहे, रात्री झोपताना दिवसभराचा हिशोब देवापुढे ठेवते आणि त्यात ती तारीख बसत नव्हती. तो ‘अच्छा’ म्हणाला आणि गेला. बोलणं एवढंच झालं, पण मी आयुष्यात श्रद्धेबद्दल जे काही बोलले त्यातलं सगळ्यात नीट ऐकलं गेलेलं बोलणं बहुधा तेच असेल.

या प्रसंगातला व्यवहाराचा भाग असा की नकार जितका अरुंद ठेवता येईल तितका ठेवावा. हे मी इंग्लंडचे माजी चॅन्सेलर थॉमस मोर यांच्याकडून शिकले. राजा आठव्या हेन्रीने 1534 साली शपथ मागितली तेव्हा राजाच्या नव्या विवाहातल्या मुलांचा वारसाहक्क मान्य करायला ते तयार होते, कारण तो ठरवण्याचा अधिकार संसदेचा आहे असं ते मानत. शपथेचे शब्द त्यापलीकडे, पोपचा अधिकार नाकारण्यापर्यंत, जात होते, म्हणून फक्त ते त्यांनी नाकारले आणि कारणही सांगितलं नाही. मनातलं उघड बोलले ते दोषी ठरवल्यावर. 6 जुलै 1535 रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. ऑस्ट्रियाचे शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर यांनी हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला, पण जखमींची शुश्रूषा करण्याच्या विभागात काम करायची तयारी दाखवली. ती कोणी मानली नाही आणि 9 ऑगस्ट 1943 रोजी त्यांना मारण्यात आलं. कॅथलिक चर्चने 2007 साली त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. दोघांनीही सगळ्या जगाशी भांडण काढलं नाही. जेवढं करता येईल तेवढं करायची तयारी दाखवली, आणि जे करता येणार नव्हतं तेवढ्यापुरते अढळ राहिले.

आपल्यासमोर इतकं मोठं काही येत नाही, पण रीत तीच. नीतिशास्त्रात यासाठी एक भेद शिकवतात. दुसऱ्याच्या चुकीच्या हेतूत स्वतः सामील होणं कधीच चालत नाही. हेतूत सामील नसताना आपल्या कामाचा त्याच्या चुकीला दुरून हातभार लागत असेल, तर तो किती जवळचा, किती आवश्यक, आणि नकार दिला तर कोणाचं काय नुकसान, हे तोलावं लागतं. ऑडिटर खोटी तारीख घालू शकत नाही. त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्याने नोकरी सोडायची गरज नाही. मधल्या प्रकरणांसाठी जाणत्या धर्मगुरूशी बोला. एकटीने ठरवायला जाल तर एक तर सगळंच पाप वाटेल किंवा काहीच वाटणार नाही.

धोरणांबद्दलची मतं हा वेगळा विषय आहे, त्यावर थोडक्यात. गर्भपात, दयामरण, फाशी, निर्वासित, कामगारांचं वेतन यांवर बोलायची वेळ आली तर श्रद्धा नसलेल्यालाही तोलता येतील अशी कारणं द्या. ‘चर्च असं म्हणतं’ हे तुमच्यासाठी पुरेसं असेल, समोरच्यासाठी नाही. आणि सगळं शिक्षण घ्या, आवडीचं तेवढंच नको. 1891 साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं. 2018 साली पोप फ्रान्सिस यांनी फाशी अस्वीकार्य असल्याचं कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात घातलं. हे सगळं मनापासून मानणारी व्यक्ती कुठल्याच राजकीय पक्षात पुरती मावत नाही, आणि दोन्हीकडचे लोक तिला थोडं परकं समजतात. ते सोसायची तयारी ठेवा.

आजूबाजूला कोणीच श्रद्धावान नसेल तर मादलेन देलब्रेल यांचं चरित्र मिळवून वाचा. त्या तरुणपणी नास्तिक होत्या. 1924 साली श्रद्धेकडे वळल्या, आणि 1933 साली पॅरिसच्या लगतच्या इव्री इथे मैत्रिणींसोबत राहायला गेल्या. तिथली नगरपालिका कम्युनिस्टांची होती. त्यांच्याबरोबर देलब्रेल यांनी समाजसेविका म्हणून कामगारांसाठी काम केलं. सहकाऱ्यांचा निरीश्वरवाद आपल्याला मान्य नाही, हे त्यांनी लपवलं नाही, पण त्यामुळे सहकारी परके झाले असंही त्यांनी मानलं नाही. 1964 साली त्या वारल्या, तोवर तिथेच होत्या. भिंत न घालता आणि विरघळूनही न जाता राहता येतं, हे त्यांच्याकडे पाहून मला पटतं.

शेवटी, कुठून सुरुवात करायची. ऑफिसात काही जाहीर करू नका. सोमवारी ‘शनिवार-रविवार कसा गेला?’ असं कोणी विचारतं, तेव्हा इतके दिवस तुम्ही मिस्सा वगळून उत्तर देत असाल. ती वगळणं थांबवा. ‘सकाळी मिस्सेला गेले, मग बहिणीकडे जेवायला.’ शुक्रवारी मांस टाळत असाल आणि कोणी कारण विचारलं तर खरं कारण सांगा, पोटाचं निमित्त करू नका. त्या हसण्याचं ओझं अजून मनावर असेल तर ते पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढे चूक कबूल करताना, सांगा, क्षमा घ्या, आणि तो विषय तिथे संपवा. सहकाऱ्यांची माफी मागायची गरज नाही, त्यांना त्यातलं काही माहीतही नाही. आणि मिस्सेनंतर लगेच घरी न जाता तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या दोघी-तिघींशी ओळख करून घ्या. आठवड्यात कुठे जड गेलं हे बोलायला माणसं असली की ऑफिसातली नजर झेलणं खूप सोपं जातं.